दंडातला चुडा

त्या वर्षांत माझं काम बोटांचं होतं. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाला पाहायचं होतं, की खेड्यातल्या बायकांचे स्तन शिकवलेल्या बाईने ठरावीक काळाने हाताने तपासले, तर कर्करोग लवकर सापडतो का आणि त्याने बायका वाचतात का. निम्म्या गावांत तपासणी व्हायची, उरलेल्या गावांत नुसती माहिती सांगायची, आणि पुढे दोन्हींची तुलना. मी तपासणाऱ्यांतली. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, गोल गोल, काखेपर्यंत.

जवळा बाजारला खोली घेऊन राहत होते. लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, त्यामुळे हिंडतीच्या नोकरीला मी सोयीची होते. सकाळीच दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकायचा. दिवसभर परक्या बायकांच्या इतक्या जवळ असायचे की त्यांचा श्वास गालाला लागायचा. संध्याकाळी कुलूप उघडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत बोलायला कुणी नाही. तक्रार करत नाही, तसं होतं एवढंच.

शिरड शहापूरच्या अंगाला एका तांड्यावर चाळिशीची एक बाई होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, ही सासूपाशी आणि शेरडांपाशी मागे राहिलेली. तिच्या डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, हरभऱ्याच्या घाट्याएवढी गाठ माझ्या बोटांना लागली.

"दुखतं का?"

"न्हाई."

"नांदेडला जाऊन डॉक्टरांना दाखवू."

"दुखत न्हाई तर डाक्टर काहून?"

"दुखेपर्यंत थांबलं तर उशीर होतो म्हणून."

"लई कडू बोलता बाई तुमी," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी फाट्यावर माझ्या आधी येऊन उभी होती.

नांदेडला डॉक्टर अडले ते तिच्या चुड्यापाशी. तांड्यावरच्या लग्न झालेल्या बाईच्या दंडात, कोपरापासून थेट वर, पांढऱ्या बांगड्या असतात. तिच्या मांसात रुतल्या होत्या. दंड आणि काख नीट तपासता येईना, आणि ऑपरेशन करायचं तर त्या ठेवून चालणार नव्हतं. हा चुडा नवरा मेल्यावरच उतरतो, हे मी डॉक्टरांना सांगितलं. उत्तर दिलं ते तिने.

"त्यो जित्ता हाय, मला ठाव हाय ना? काढा."

साबणाने निघेना, तेव्हा प्लास्टर कापायच्या कात्रीने कापला. तुकडे तिने ओढणीत बांधून घेतले. सुईने गाठीतला अंश काढून तपासायला दिला. कर्करोगच निघाला. ऑपरेशन शहरातल्या त्या मोठ्या रुग्णालयात व्हायचं ठरलं, तारीखही मिळाली.

तांड्यावर परतलो तेव्हा तिने दंड ओढणीखाली झाकला होता. पण तहान लागली म्हणून हापशावर गेली, दांडा ओढायला हात वर केला, आणि जावेने उघडा दंड पाहिला. तिने हंबरडा फोडला. बघता बघता बायका गोळा झाल्या, मातीत बसल्या, सूर धरला. सासू दारातून आली, दंडाकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच कोसळली. सोबत पिशवी घेतलेली, शहरातून आलेली मी. मरणाची खबर मीच आणली असणार, असं सगळ्यांनी धरलं.

"अहो, जिवंत आहे तो!" मी ओरडले.

"मेला न्हाई! ऊस तोडून राहिला!" तीही ओरडत होती.

कुणाला ऐकूच जाईना. ऐकू गेलं, तेव्हा जास्त वाईट झालं.

"जित्त्या नवऱ्याचा चुडा उतरवला? आता त्याला तिकडं काही झालं तर?" सासू मला म्हणाली. "तुमच्या हातात काय हाय, बाई? तुमाला काय कळणार."

माझ्या हातात घड्याळ होतं. तिचं म्हणणं बराबर होतं. माझ्या हातावरून कुणी रडावं असं माझ्यामागे कुणी नव्हतं.

तांड्याच्या नायकाने सांगितलं, नवरा परत येईस्तोवर ती कुठे जाणार नाही. तोडणी संपायला अजून दोन-अडीच महिने होते, आणि गाठ थांबणारी नव्हती. आता तीही घाबरली होती. "खरंच त्याला काही झालं तर, बाई?" म्हणत चुलीपाशी बसून राहिली.

मी टेलिफोन बूथवरून, तिचा नवरा ज्याच्यासाठी ऊस तोडत होता त्या साखर कारखान्यासमोरच्या हॉटेलात फोन केला. आजाराचं नाव घेतलं तर वाटेत भलतंच पसरेल, म्हणून त्याच्यासाठी निरोप ठेवला: घरी सगळे बरे आहेत, पण लगेच या. आमच्याकडे असा निरोप कधी देतात, ते लक्षात यायला हवं होतं. आई गेली असं धरून तो रडत रडत आला. येऊन बघतो तर आई दारात शेंगा फोडून राहिलेली. दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिले.

मग त्याने बायकोचा दंड पाहिला, माझ्याकडून गाठीचं ऐकलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात. तो म्हणाला, "याडी, मी हितं उभा हाय. हिलाच काय झालं तर चुडा ठेवून काय करू?"

सासू म्हणाली, "मंग तूच घेऊन जा. एकटी दिसू देऊ नको तिला."

तोच घेऊन गेला. ऑपरेशन झालं. गाठ सापडलेली बाई रुग्णालयाच्या ताब्यात जायची आणि माझ्या फेऱ्यांतून सुटायची, असा नियम होता. त्यामुळे पुढच्या खेपेला मी त्या तांड्यावर बाकी सगळ्या घरांत गेले, तिच्या घरात जायचं मला काम उरलं नव्हतं. ती दिसायची ती आठवडी बाजारात. ऑपरेशनमुळे डावा हात सुजलेला राहिला, त्यात चुडा परत चढला नाही. मोकळ्या दंडाची बाई आणि जिवंत नवरा लोकांना एकत्रच दिसले पाहिजेत, म्हणून तो सदा तिच्या डाव्या बाजूला, मिरच्या निवडतानासुद्धा.

"कटाळा आला बाई," ती मला हाक मारून म्हणायची. "जाईन तिथं ह्यो संगं. जरा एकटं बसू म्हणलं तर सोय न्हाई."

तो अवघडून दुसरीकडे बघायचा. मी हसायचे, पावशेर वांगी घ्यायचे आणि खोलीकडे निघायचे.