पाच बोटांचा आरसा

आमच्या विमलताईला सवत आहे आणि ती गच्चीवर राहते. हे वाक्य ताईचंच. मी फक्त ते गल्लीभर पोचवलं.

सवत म्हणजे दुर्बीण. माझ्या भाऊजींनी, वासुदेवरावांनी, स्वतःच्या हातांनी बनवलेली. जेमतेम कवेत मावेल अशी जाड, लांब नळी, लाकडी बैठकीवर गरगर फिरणारी, आणि नळीच्या तळाशी परातीएवढा आरसा. डोळा लावायची काच वर, नळीच्या बाजूला. पण सगळी करामत त्या आरशाची. बाकी सारं सुताराचं आणि वेल्डिंगवाल्याचं काम.

भाऊजींनी सारी नोकरी सेवाग्रामच्या दवाखान्यात एक्स-रे काढण्यात घालवली. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा' आणि 'सोडा' एवढंच सांगणारा माणूस. घरी आल्यावर तेवढंही बोलत नसत. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आमच्याकडे आले, तेव्हा आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "छाया, जावाईबापू मुके तं नाई ना?"

अशा माणसाच्या डोक्यात आरसा घासायचं वेड कुठून शिरलं देव जाणे. अंगणात एक ड्रम ठेवला, त्यावर एक जाड काच, तिच्यावर दुसरी. मधे रेतीसारखी बारीक पूड आणि पाणी. वरची काच मागेपुढे घासत ड्रमभोवती फिरायचं. दोन हिवाळे ते असे फिरले. ताई म्हणायची, "एवढ्या फेऱ्या तुळशीले घातल्या असत्या तं वैकुंठात जागा भेटली असती." भाऊजी नुसते हसायचे आणि पुढची फेरी घ्यायचे. मग काच बाहेरगावी पाठवून तिच्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला, आणि एका संध्याकाळी मला गच्चीवर बोलावलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा शनी पाहिला. खोटं वाटेल, पण मी डोळा काढला आणि नळीच्या तोंडाशी जाऊन आत कुणी चित्र चिकटवलंय का ते वाकून बघितलं. चित्र नव्हतं. पुन्हा डोळा लावला. तो तिथंच होता, पिवळसर, कडं घालून, काळ्या आभाळात कशालाही न टेकलेला. आम्ही खाली भाजीच्या भावावरून भांडत असतो आणि हा असा वर असतो, रोज, कुणी बघो न बघो. मी भाऊजींना म्हटलं, "हे खरं हाये?" ते म्हणाले, "हो ना." एवढंच. पण त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता.

गल्लीतलं झाडून सारं माणूस त्या दुर्बिणीला डोळा लावून गेलं. एक ताई सोडून. तिच्या मते शनीच्या नजरेला नजर देऊ नये, हे आईचं सांगणं. आणि दुसरं कारण ती तोंडावर सांगायची, "सवतीच्या घरात मी डोकावत नाई." पहिल्यांदा भाऊजी आग्रह करत. पुढे सोडून दिला. पण दर वेळी सगळ्यांचं पाहून झालं की ते दुर्बीण झाकायच्या आधी क्षणभर जिन्याकडे बघायचे. ताई कधी आली नाही.

तिचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्या दुर्बिणीचे लाड पोटच्या पोरासारखे. आमच्या वर्ध्याच्या उन्हात पत्र्यावर पापड भाजतील, म्हणून तिच्यासाठी पांढऱ्या रंगाची पत्र्याची खोली. ती चाकांवर, म्हणजे रात्री ढकलून बाजूला करता येईल. तापलेला आरसा लवकर निवावा म्हणून त्याच्या पाठीशी जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. वानरं पत्र्यावर नाचतात म्हणून भोवती जाळी. नळीत गांधीलमाश्या घर करतात म्हणून तोंडाला कापडी टोपी. आणि पावसाळ्यात तर आरसा बाईसाहेब खालीच. काचेला बुरशी धरू नये म्हणून त्याची लाकडी पेटी ताईच्या कपाटात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट. ताईचा लग्नाचा शालू त्यासाठी ट्रंकेत गेला. हे तिनं मला किती वेळा ऐकवलं त्याला गणती नाही.

पण एक सांगते. नळीवर जी जाड गोधडी घालतात, ती ताईनंच शिवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. "थंडीत नळीवर दव पडते, असं हे म्हणून राह्यले होते," एवढं म्हणाली आणि विषय बदलला.

यंदाच्या खंडेनवमीला ताईनं नेहमीसारखी पूजा मांडली. ज्या हत्यारांवर घर चालतं त्यांची पूजा. विळा, अडकित्ता, स्कूटरची किल्ली, तिचं शिलाई मशीन. भाऊजी गावाला शेत बघायला गेले होते. सगळ्यांना हळदकुंकू लावून झाल्यावर ताई जरा थांबली. मग कपाट उघडून तिनं ती लाकडी पेटी काढली. पाटावर ठेवली. झाकण उघडलं. पुढे मला म्हणाली, "छाया, इतके वर्षं घरात राह्यली, अन् तिले कधी एक बोट कुंकू नाई लावलं म्या. बरं नाई दिसत."

आणि तिनं लावलं. एक नाही, पाचही बोटं. ओलं कुंकू, घरचं. वायगावची हळद, चुना आणि लिंबू घालून ती स्वतः करते, बाजारचं तिला चालत नाही. आरशावर बोटं उमटवली, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले, झाकण लावलं आणि पेटी मशीनशेजारी ठेवली.

संध्याकाळी भाऊजी आले. पूजेत पेटी पाहिली आणि दारातच थांबले. डोळे पुसताना मी पाहिलं त्यांना. आमच्यात पूजा मांडली की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हत्याराला हात लावत नाहीत. त्यांनीही लावला नाही. त्या रात्री दोन वेळा वाढून घेऊन जेवले.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाली. आभाळ उघडलं की आरसा नळीत बसवायचा, कोजागिरीला गल्लीला शनी दाखवायचा, असं ठरलेलं. भाऊजींनी पेटी उघडली. मी तिथंच होते. फूल सुकलं होतं. कुंकू वाळून काळपट झालं होतं. भाऊजींनी पेटी अलगद उचलली आणि गच्चीवर गेले.

बॅटरीत घालायचं पाणी वापरून, सेलूच्या आमच्या भावाच्या शेतातला स्वच्छ कापूस नुसता वरून फिरवत त्यांनी आरसा धुतला. कुंकू निघालं. कुंकवाखालचा मुलामाही निघाला. कुंकवातल्या चुन्यानं रात्रभरात तो खाऊन टाकला होता. आरसा उजेडासमोर धरला तर पाच ठिकाणी आरपार दिसत होतं. पाच बोटं, अगदी स्पष्ट, करंगळीसुद्धा.

ताई जिन्यात उभी होती. तिनं पाहिलं, आणि तिथंच खाली बसली. "म्या तिचा डोळा फोडला," म्हणाली.

त्यानंतर काही दिवस त्या घरात जाववत नव्हतं. भाऊजी गप्प, ते नेहमीचंच. पण ताईही गप्प. कढई जळाली तरी उठेना. भाऊजी ओरडले असते तर बरं, मला म्हणाली, निदान भांडता तरी आलं असतं. शेवटी माझंच डोकं फिरलं. मी गच्चीवर गेले आणि भाऊजींना फैलावर घेतलं.

"एक शब्द तं बोला तिच्याशी! ती जेवून नाई राह्यली. काचेवर एवढा जीव, अन् बायकोवर काऊन नाई?"

ते आरसा नळीत बसवत होते. हात थांबला. आयुष्यात माझ्याशी सगळ्यात जास्त त्या दिवशी बोलले असतील.

"काय बोलू, छाया? आरसा चालंल म्हणलं, तं तिले वाटंल मन राखून राह्यले. एक्स-रेच्या फिल्मवर डाग पडला का चित्रात डाग येते. तिनं तेच पाह्यलं हाये माह्यासोबत, जनमभर. आरशाचं तसं नाई. त्याचा एकएक तुकडा पुरं चित्र काढते. डाग पडला तं उजेड जरासा कमी होते, चित्र तुटत नाई."

"मंग सांगा ना तिले!"

"पुस्तकात हाये थे. म्या पाह्यलं नाई अजून." त्यांनी वर बघितलं. दसऱ्यापासून आभाळ गच्च होतं. "अन् पाह्यचं तं पह्यले तिनं."

आजवर तिनं एकदाही पाहिलं नव्हतं, आणि हे गृहस्थ तिच्यासाठी थांबून राहिले होते.

कोजागिरीला दुपारी वारा सुटला आणि आभाळ मोकळं झालं. दिवे लागल्यावर गल्ली गच्चीवर जमली. शेगडीवर दूध आटत होतं. चंद्र एवढा वर आला की गच्चीवर माणसांच्या सावल्या पडल्या, आणि त्याच्याजवळच शनी, शांत, न लुकलुकणारा. भाऊजींनी पत्र्याची खोली सरकवली, गोधडी काढली, नळी वळवली. पण डोळा लावला नाही. नळीच्या बाजूला लावलेल्या बारक्या दुर्बिणीतून नेम धरला आणि उभे राहिले. लोक रांगेत. समोरच्या म्हाताऱ्या शकुबाई तर सर्वांत पुढे. "लाव ना बापा," त्या म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, "थांबा जरासं, मावशी."

मी खाली गेले. ताई स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होती.

"चाल."

"शनी नाई पाह्यत मी."

"नको पाहू. पण त्या माणसानं आभाळाले अन् गल्लीले थांबवून ठेवलं तुह्यासाठी. वर येऊन एवढं तं सांग का मी येत नाई."

तिनं फडकं ठेवलं. मग म्हणाली, "माही बोटं पाह्यची हायेत मले. किती खराब केलं थे एकदा पाहून घेतो. शनी नाई पाह्यत."

वर आली तशी सगळे बाजूला झाले. भाऊजींनी तिच्यासाठी स्टूल सरकवलं. तिनं पदर खोचला, स्टुलावर बसली, देवळात वाकतात तशी वाकली आणि डोळा लावला.

दुधाची उकळी तेवढी ऐकू येत होती.

"दिसली का बोटं?" मी विचारलं.

ताईनं स्टुलाची कड घट्ट धरली. यंदा शनीचं कडं आडवं झालं आहे. सुईत अडकलेला मोती असावा तसा तो दिसतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त ताईच्या पाठीकडे बघत होते.

"पुरा हाये जी," ती म्हणाली. "साराच्या सारा हाये."

भाऊजींनी खोल श्वास सोडला. मग पुढे होऊन त्यांनी आपला तळहात नळीच्या तोंडावर आडवा धरला. "आता?"

"हायेच. जरासा मंद झाला."

"तुहा हात दे." त्यांनी तिचा हात धरून नळीच्या तोंडासमोर नेला. तीच पाच बोटं, पसरलेली. "आता पाह्य."

ताईनं पाहिलं. खूप वेळ. मधे तिनं बोटं हलवली, मिटली, पुन्हा पसरली. माझ्या ताईचा हात चांदण्यात त्या एवढ्या मोठ्या नळीवर हलत होता आणि कुठल्या कुठे असलेला तो ग्रह तिच्या डोळ्यात जसाच्या तसा होता. मी देवळात कधी इतकी गप्प उभी राहिले नसेन.

ती उठली तेव्हा गाल ओले होते. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "इतके वर्षं काऊन नाई सांगतलं तुमी, का हे असं हाये?"

भाऊजी हसले, आणि नुसते हसतच राहिले.

मग रांग सुरू झाली. ताई स्टुलापाशी उभी राहिली ती हललीच नाही. शकुबाई वाकल्या तसं तिनं बजावलं, "मावशी, नीट पाहा. माही पाच बोटं हायेत त्या आरशात. दिसली तं सांगजा."

शकुबाईंनी पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. बोटं दिसली नाहीत. त्यांच्या मागच्यालाही दिसली नाहीत. दूध आटून संपलं, वाट्या धुऊन झाल्या, तरी ताई येणाऱ्या प्रत्येकाला तेच विचारत होती, आणि प्रत्येक नकाराला भाऊजींकडे बघत होती.