मोठ्यानं रडणारी गाडी

गाडी सुरू केली की अक्का पुढे बघायच्या आधी मागे बघायची. पूर्ण मान वळवून. “बसलाव का?” असं विचारायची, उत्तर येईपर्यंत थांबायची आणि मगच क्लच सोडायची. उत्तर यायला वेळ लागायचा. मागे एखादा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा, पण अक्का हलायची नाही.

ऋता, तू परवा तीन मोटरसायकलींचे फोटो पाठवलेस आणि विचारलंस, “आजी, पहिलीच गाडी आहे, कुठली घेऊ?” त्याखाली तुझ्या भावाने लिहिलं, आजीला त्यातलं काय कळतं. खरं आहे त्याचं. मी जन्मात गाडी चालवली नाही. पण एका बाईने स्वतःची पहिली मोटरसायकल निवडली, तेव्हा मी शेजारी उभी होते. तेवढं तुम्हा दोघांना लिहून पाठवते. वजन, उंची, मायलेज हे तुम्ही बघालच.

ही बाई आमच्या समोरच्या घरात राहते. विणकरांचं तेलुगू घर. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून मीही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून दुकानांना देते. तिच्या नवऱ्याला सगळे जॉबर म्हणायचे. यंत्रमाग बिघडला की तो सुधारणारा माणूस म्हणजे जॉबर. कारखान्याच्या दारात उभं राहून, आतला कितवा माग आजारी आहे हे ते आवाजावरून सांगत, असं त्यांच्याबरोबरचे लोक म्हणायचे. मोठा आवाज, मोठं हसणं. त्यांची मोटरसायकल गल्लीत शिरली की पाठीमागे एका बाजूला पाय सोडून बसलेली अक्का आणि तिच्या मांडीवर चटणीचा डबा, असं चित्र मी वर्षानुवर्षं पाहिलं.

मग जॉबरांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. फिजिओथेरपीने ते काठी घेऊन चालू लागले, पण बोलणं परत आलं नाही. म्हणजे येऊ शकलं असतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शब्द आत आहेत, ते बोलत राहिले तर जीभ सुटेल, गप्प राहिले तर अशीच राहील. पण पहिला प्रयत्न केला तेव्हा तोंडातून काहीतरी भलतंच बाहेर पडलं आणि भेटायला आलेल्या कुणाला तरी हसू आलं. त्या दिवसापासून त्यांनी ओठ मिटले. बाहेर जाणं बंद केलं. भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. त्यांची गाडी अंगणात धूळ खात होती, ती त्यांनीच खुणेने विकायला लावली.

असं एक वर्ष गेलं आणि अक्का माझ्याकडे आली. “मॅडम, मी गाडी घ्याय लागले. शोरूमला चला की माझ्यासंगं.”

मी आनंदाने तयार झाले आणि माझ्या सवयीप्रमाणे मुद्दे मांडले. स्कूटी हलकी असते. साडीवर चालवता येते. पुढे पायाशी जागा असते, तिथे डबे राहतील. गिअरची कटकट नाही. नवशिक्या माणसाला तेच सोयीचं.

“न्हाय मॅडम. गेरचीच पायजे.”

“अगं, पण कशाला?”

“पायजे,” एवढंच म्हणाली.

शोरूममधला विक्रेता तरुण आणि उत्साही होता. त्यालाही स्कूटीच दाखवायची होती. अक्का तिच्या बाजूने सरळ निघून गेली आणि मोटरसायकलींच्या रांगेशी थांबली. एकेकीवर बसून पाहिलं. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का बघितलं. एकदा हँडल सोडून गाडी मुद्दाम एका बाजूला कलू दिली आणि स्वतःच सावरली. इथपर्यंत मला सगळं पटलं, आणि तूही एवढं नक्की कर.

मग तिने गाड्या सुरू करायला लावल्या. विक्रेता अभिमानाने म्हणाला, “ताई, ही बघा. इंजिन चालू हाय का बंद, कळत बी न्हाय.”

“मग काय उपयोग?” अक्का म्हणाली. “हिचा आवाज लई बारीक हाय. जरा मोठ्यानं रडणारी दावा की.”

“रडणारी?”

“चुकीच्या गेरवर टाकली तर बोंबलली पायजे. कानाला कळलं पायजे.”

तो माझ्याकडे बघू लागला. मी खिडकीबाहेर बघू लागले. शेवटी जरा जुन्या बांधणीची, खडखडीत आवाजाची, काळी मोटरसायकल ठरली. विक्रेता म्हणाला, “तुम्ही स्वतःच चालवणार, मग हे साडीगार्ड आणि बाजूची पायपट्टी काढून टाकतो. लेडीज मागं बसतात त्यांच्यासाठी असतंय ते.”

“असू दे,” अक्का म्हणाली. “आमच्या मालकांना लागतंय.”

गाडी तिला तिच्या भावाने शिकवली, साडीचा काष्टा मारायला लावून, बंद गिरणीच्या मागच्या मैदानावर. लायसन्सही मिळालं. खरी परीक्षा अंगणात होती. जॉबरांचा डावा पाय गाडीवरून पलीकडे जात नव्हता. मागे बसायचं तर बायकांसारखं एका बाजूला बसावं लागणार होतं. जन्मभर गाडी चालवलेला माणूस, आणि तो बायकोच्या मागे, एका बाजूला पाय सोडून, भर गल्लीतून! त्यांनी काठी आपटली आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अक्काने गाडी मधल्या स्टँडवर लावली, आपणच मागच्या सीटवर एका बाजूला बसली आणि मोठ्याने म्हणाली, “लगीन झाल्यापासून मी अशीच बसले न्हवं? मला लाज वाटली का? पडले का कधी? उजव्या हातानं खांदा धरायचा, पाय पट्टीवर ठेवायचे, अन् वळणावर अंग ताठ करायचं न्हाय. शिका.”

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या ऐकत होत्या. ती उतरून पुढे चालवायच्या जागी बसली. जॉबर काठी टेकत अंगणात आले. मग पाठ गाडीकडे करून हळूहळू मागे सरकले आणि बसले. उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला. दोघांनी हेल्मेट घातलं. अक्काने मान वळवून विचारलं, “बसलाव का?” त्यांनी नुसती मान हलवली. तिला ती दिसली होती, तरी ती थांबून राहिली. शेवटी घशातून कसासा “हं” आला. तेव्हा गाडी निघाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चढ आहे, तुम्हाला आठवत असेल. तिथे चहाची टपरी आहे. त्या दिवशी परतताना अक्का तिसऱ्या गिअरवरच त्या चढाला भिडली. गाडी कण्हू लागली, हिसके देऊ लागली. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. मी गॅलरीत होते. मला वाटलं, आता दोघं पडणार. आणि मागून जॉबरांचा आवाज आला, फाटका, पण शब्द स्वच्छ: “रेंडू! रेंडू!”

तेलुगूत रेंडू म्हणजे दोन. अक्काने दुसरा गिअर टाकला. गाडी वर आली. टपरीवरची माणसं परत बाकांवर बसली. कपबशा तेवढ्या वाजल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं बाहेर पडायची, त्यांच्या जुन्या कारखान्याच्या दारापर्यंत. गाडी पहिल्या गिअरवर बोंबलत निघायची आणि मागून हुकूम यायचे, “रेंडू! मूडू!” (मूडू म्हणजे तीन.) मग आकड्यांना शब्द जोडले गेले. “क्लच दाब की, एमे!” (एमे म्हणजे ‘अगं’.) मग शिव्याही आल्या. एकदा टपरीवरचा कुणी म्हणाला, “अक्का, एवढे दिवस झाले, गेर येईना व्हय तुला?” अक्का पदराने तोंड पुसत म्हणाली, “डोकंच मठ्ठ, काय करायचं?” आणि जॉबर मागे बसून हसले. वाकडं, पण मोठ्याने.

एकदा मला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं आणि रिक्षा मिळेना. अक्का म्हणाली, बसा. मी देवाचं नाव घेऊन बसले. आणि काय सांगू, पोटातलं पाणी हललं नाही. एक गिअर कधी सुटला आणि दुसरा कधी पडला ते कळलंसुद्धा नाही. परतताना तो चढही गाडी गुणगुणत चढली. मी उतरले आणि म्हणाले, “अगं, तुला तर गिअर येतात की!”

“आवाज बंद झाल्यावर ते एकदाच बोलले होते, मॅडम,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “मी मिक्सरात दाणे लई भरले, ते अडकलं अन् रडाया लागलं. मी इतकं बोलवायची तर न्हाय, देवाला नवस केला तर न्हाय. अन् त्या मिक्सरासाठी आतनं ओरडले, ‘आपु!’ म्हंजे थांबव. यंत्र चुकीचं चाललेलं त्यांना ऐकवत न्हाय. मग मी रोज मिक्सर रडवला. दोन जळाले. किती जाळायचे?” ती हसली. मग म्हणाली, “स्कूटीवर त्यांना बोलायला काय असतंय, सांगा. सांगू नगा हं त्यांना.”

मी सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षी एकदा जॉबर आमच्या ओट्यावर बसले असताना मी सहज विचारलं, “अजून शिकवताय का अक्काला?” काठी गुडघ्यांत धरून ते पुढे झुकले. एकेक शब्द शोधत म्हणाले, “शिकवतो की. शिकणारी… लई… हुशार हाय.” त्यांच्या चेहऱ्यावर वाकडेपण होतं, त्यातलं आजाराचं किती आणि खट्याळपणाचं किती, मला ठरवता आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात दुसरा झटका आला. तो त्यांनी सोसला नाही.

अक्काने गाडी विकली नाही. साडीगार्ड आणि पायपट्टीही तशीच आहे. मागच्या सीटवर आता चटणीचे डबे बांधलेले असतात. निघताना ती मान वळवत नाही, सरळ निघते. मला वाटलं, बरं झालं, सावरली.

पण संध्याकाळी मी गॅलरीत बसते. चढाच्या पायथ्याशी आवाज येतो. गाडी तिसऱ्यावरच चढू लागते, कण्हते, हिसके खाते, अगदी बंद पडायच्या बेताला येते. टपरीवरची माणसं कप हातात धरून चढाकडे बघतात.

काल माझ्याच तोंडून गेलं, “रेंडू.”

इतक्या लांबून, इतकं हळू, की ते तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. खाली गिअर पडला. गाडी वर आली.