सरसकट पूड

फार्मसीच्या पहिल्या वर्षाची पोरं तिला पाठीमागे 'कडू काढा' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दवाखान्याच्या मागच्या इमारतीत तिचा वर्ग, पुढच्या इमारतीत तिची औषधांची खिडकी. सकाळी पोरांना झापायचं, दुपारी डॉक्टरांना. चिठ्ठी वाचता आली नाही की ही सरळ फोन लावायची, "डॉक्टर, हे औषधाचं नाव आहे की शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेलीय?" वरच्या मजल्यावरचे डॉक्टर तिचा नंबर दिसला की फोन पालथा घालायचे.

शिकवायची मात्र अशी की मागच्या बाकावरचा झोपाळूही डोळे उघडायचा. "डोस म्हणजे काय? चमचाभर दिलं तर औषध, बाटलीभर दिलं तर पंचनामा. मूळ नाव म्हणजे औषधाचं खरं नाव, जे सगळीकडे एकच. ब्रँड म्हणजे कंपनीनं त्याला घातलेला झगमगीत सदरा. सदरा बदलला की भाव वाढतो, आतला माणूस तोच! साइड इफेक्ट म्हणजे पाहुण्याबरोबर न बोलावता आलेला मेहुणा. आणि 'या रोग्याला हे औषध चालत नाही' म्हणजे काय? मुलगा चांगला, मुलगी चांगली, पण या दोघांचं लग्न लावाल तर याद राखा!"

पोरं हसायची, लिहून घ्यायची. डॉक्टर चुकतात, कंपन्या फसवतात, रोगी ऐकत नाहीत. या तिघांच्या मधे ताठ उभा राहतो तो फार्मासिस्ट, असं ती टेबलावर हात आपटून सांगायची. फार्मासिस्टही चुकतो, हे वाक्य तिच्या शिकवण्यात कुठंच नव्हतं.

घरी सासूबाई होत्या. जीभ धारदार, घसा मात्र नाजूक. गोळी म्हटली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. "एवढी मोठी गोळी गिळायला मी काय अजगर आहे?" म्हणून कडू काढ्यानं वर्गातला एक जुना चिनी मातीचा खल घरी आणला आणि नवऱ्याला कामाला लावलं. नवरा छापखान्यात अक्षरं जुळवणारा जुळारी. सांगितलेलं काम शब्दाबरहुकूम करणारा, डोकं न लावणारा. त्याला तिनं वर्गात शिकवावं तसंच शिकवलं होतं. "आईंची प्रत्येक गोळी बारीक वाटायची, मधात कालवायची, चमच्यानं द्यायची. प्रत्येक." तो इतकी मऊ पूड करायचा की ती नातेवाइकांना कौतुकानं सांगायची, "आमच्या ह्यांचा हात पोरांपेक्षा चांगला बसलाय."

मग सासूबाईंचा रक्तदाब वाढला. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळीऐवजी दिवसभर पुरणारी एकच, सावकाश विरघळणारी. ती पट्टी कडू काढ्यानं स्वतःच्याच खिडकीतून स्वतःच घेतली. मूळ नाव बघितलं, मात्रा बघितली, मुदत बघितली आणि फडताळात ठेवून दिली. 'अख्खी गिळावी' ही ओळ तिला इतकी पाठ होती की डोळ्यांनी ती वाचायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात धडा होता औषधाच्या रूपांचा. गोळी, कॅप्सूल, मलम, थेंब.

पहिल्या बाकावर एक शंकेखोर मुलगी बसायची. तिनं हात वर केला. "मॅडम, एखाद्याला गोळी गिळताच येत नसेल तर वाटून द्यायची ना?"

"साधी गोळी असेल तर दे की. पण सावकाश विरघळणारी असेल तर खबरदार! ती गोळी म्हणजे धरण आहे धरण. पाणी दिवसभर बेताबेतानं सोडते. ती वाटलीस म्हणजे भिंतच फोडलीस. दिवसभराचं औषध एकदम अंगात! रक्तदाबाची असली तर माणूस उभ्याचा आडवा. असला मूर्खपणा कोण…"

मग तिनं हातातला खडू खाली टाकला आणि फोन काढला.

"अहो, आईंची नवी गोळी दिलीत?"

"दिली की! मघाशीच," नवरा खुशीत म्हणाला. "जरा चिवट होती, पण झकास वाटली. आई म्हणते गरगरतंय. मी म्हटलं, झोप झाली नसेल."

"त्यांना आडवं करा. पाय उशीवर. उठून बसू देऊ नका. कितीही शिव्या घालू देत!"

तिनं फोन ठेवला. सगळा वर्ग बघत होता. काय करायचं ते तिला कळत होतं. कुणाला सांगायचं तिथं घोडं अडलं होतं. दुसऱ्या दवाखान्यात नेलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि इथं वर गेलं, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत झाडूवाल्यापासून सगळ्यांना कळणार की कडू काढ्यानं स्वतःच्या सासूला वाटलेली गोळी चारली.

ती पुढच्या इमारतीत धावली आणि जिना चढली. रांगेतले रोगी "बाई, नंबर आहे!" म्हणून ओरडले. त्यांच्या देखतच ती दारातून म्हणाली, "डॉक्टर, सासूबाईंची नवी गोळी घरात वाटून दिली गेलीय. माझ्याच शिकवण्यानं. चक्कर येतेय त्यांना."

डॉक्टरांच्या ओठांचा कोपरा हलला. पण माणूस कामाचा होता. "गाडी पाठवतो. घरी बीपी मोजत बसू नका, थेट इथं आणा."

सासूबाई आल्या तेव्हा पांढऱ्याफटक होत्या. हाताला सलाइन लागलं. रक्तदाब पार तळाला गेलेला. तो हळूहळू वर येईपर्यंत कडू काढा पलंगाच्या दांडीला धरून उभी होती, कुणालाही न झापता. हे नर्सनं पहिल्यांदाच पाहिलं.

धोका टळल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, चिठ्ठीवर 'अख्खी गिळावी' लिहिलं होतं मी. अक्षर लागलं नाही का?"

"लागलं असतं," ती म्हणाली. "नेमकं त्या दिवशी तुमचं अक्षर चांगलं होतं, म्हणून मी नीट वाचलंच नाही."

डॉक्टरांनी हसू दाबत नवी चिठ्ठी लिहिली आणि ते निघून गेले.

नवरा कोपऱ्यात हात चोळत उभा होता. "माझ्या हातून झालं गं. मीच वाटली."

"तुम्ही नाही. मी 'प्रत्येक' म्हटलं. 'आधी विचारा' म्हटलं नाही."

सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, कान नव्हते. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीला त्या म्हणाल्या, "ही आमची सून बरं का. मला मारायला निघाली होती, तेही सर्टिफिकेट लावून."

एरवी आग्यामोहोळ उठलं असतं. कडू काढ्यानं फक्त पदर सारखा केला. "आई, आता साधी गोळी दिलीय. दिवसातून तीनदा, पूर्वीसारखी. ही वाटली तर चालते."

"कशावरून?"

"मी सांगते ना…" एवढं तिच्या तोंडून निघून गेलं. सासूबाईंनी एक डोळा उघडला आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं.

कडू काढ्यानं स्टूल ओढलं. नव्या गोळीच्या खोक्यातला घडी घातलेला माहितीचा कागद उलगडला, चष्मा लावला आणि मुंगीएवढी अक्षरं पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचू लागली. सासूबाई प्रत्येक शब्दाला अडवत होत्या. हे म्हणजे काय? ते कुणाला चालत नाही? यानं खाज येते म्हणतात, मला आली तर कोण खाजवणार? नवराही जवळ सरकला आणि त्यानं पहिल्यांदाच एक प्रश्न विचारला. पट्टी बघून ही गोळी वाटायची की अख्खी द्यायची, ते आपल्याला कसं ओळखता येईल?

तिनं पट्टी त्याच्या हातात दिली आणि कुठं बघायचं ते बोटानं दाखवलं.

"सावकाश सांग त्याला," सासूबाई म्हणाल्या. "आणि दुसरी बाजू राहिलीय कागदाची. ती वाचल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."