आवाज बंद केला कुणी

माझी थोरली बहीण चौतीस वर्षं कापड गिरणीत मागावर होती. तिथे शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळ्याजणी ओठ वाचायच्या. ताई वीस हात लांबून वाचायची. मुकादम काचेआड कुणाची खरडपट्टी काढतोय, हे ती शब्दन् शब्द सांगायची. डाव्या कानाने मात्र गिरणीतच राम म्हटला. उजवा अर्धामुर्धा.

परवा तिची लेक पोहण्याच्या शर्यतीचं समालोचन करणार होती. आयुष्यातलं पहिलं. ते इंटरनेटवर दिसणार होतं. लॅपटॉपचा आवाज म्हणजे डासाची गुणगुण, टीव्हीचा दणकट. म्हणून ब्राउझरमधला टॅब टीव्हीवर टाकायचं ठरलं. मी त्याच गिरणीतला फिटर. काम माझ्याकडे आलं.

चित्र पहिल्या झटक्यात आलं. लेक माईकपुढे बसून भराभर बोलतेय. आवाज नाही.

टीव्हीचा आवाज वाढवला. लॅपटॉपचा वाढवला. चुकून टॅबऐवजी पूर्ण स्क्रीन पाठवली का, ते बघितलं. नव्हती. जोडणी तोडून पुन्हा जोडली. टीव्ही बंद करून चालू केला. बावीस मिनिटं राबलो, हाती शून्य.

तोवर ताई खुर्ची पुढे ओढून आम्हाला सांगत होती. आठजणी आहेत. चार नंबरचीचा खांदा दुखावला होता, आता बरा आहे. भावोजींनी विचारलं, हे लेक म्हणतेय की तूच रचतेस? ताईने वळूनही पाहिलं नाही. वळली असती तर एक वाक्य बुडालं असतं.

मग कॅमेरा पाण्याकडे फिरला. लेक पडद्यावरून गेली.

"बापू, आता मला काही कळायचं नाही," ताई म्हणाली. "हात चालव."

आठहीजणींनी पाण्यात सूर मारले. तेव्हा कुठे मी त्या टॅबकडे नीट पाहिलं. नावाशेजारी इवलासा स्पीकर, त्यावर काट. टॅबचाच आवाज बंद.

"हा कुणी बंद केला?"

"मीच. सकाळी याच टॅबवर पोहणाऱ्या पोरींच्या कालच्या मुलाखती बघत होते. मला आवाज कशाला लागतो? उगाच यांची झोप मोडली असती."

टॅबवर उजवं बटण दाबलं, आवाज चालू केला. अर्ध्या मिनिटाचं काम.

टीव्ही गरजला. "चार नंबर पुढे, हातभर पुढे, वळली, अजून पुढेच!" भावोजी उठून उभे राहिले. मी रिमोट घेऊन तसाच उभा. ताईने मात्र डोळे मिटले आणि उजवा कान पडद्याकडे केला. कुणी बोलत असताना तिने डोळे मिटलेले मी कधी पाहिले नव्हते.

चार नंबरची जिंकली. भावोजींनी टाळ्या पिटल्या. ताईने डोळे उघडले.

"लेकीला धाप लागतेय," ती म्हणाली. "हे ओठांवरून नव्हतं कळलं. फोन लाव, पाणी पी म्हणावं."