आत्याबाईंच्या रक्तातलं गुऱ्हाळ

पलटणीत परत जाताना ह्यांनी मला एकच गोष्ट बजावली. "आई लय राबलीया. आता तिला काडीचंबी काम करू देऊ नगंस." लढाई चालू होती, गेलेला माणूस परत येईल की नाही ठाऊक नव्हतं. अशा वेळी दिलेला शब्द कोण मोडतं? मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन देऊ लागले. कृष्णाकाठच्या आमच्या गावात त्याचा फार गवगवा झाला. सून असावी तर अशी, असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या आणि मी, खोटं कशाला बोलू, फुगून जायचे.

पुढचा ऊस तुटायच्या आतच आत्याबाई तांब्यावर तांबे रिचवू लागल्या. अंग उतरलं. मानेवर गळू उठलं ते भरून येईना. त्यांना घेऊन मी मिरजेला गेले. डॉक्टरांनी दंडातून रक्त काढून तपासलं आणि सांगितलं, "रक्तात साखर फार वाढली आहे. ती उतरली नाही तर हे गळू चिघळेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"रगतात साखर?" आत्याबाई म्हणाल्या. "आत गुऱ्हाळ लागलंय व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. गूळ, ऊस, भात बंद केला. सुईचं औषध लढाईमुळे मिळेल तेव्हा मिळेल म्हणाले. मग मला विचारलं, "पूर्वी ह्या काय काम करायच्या?" दळण, भांगलण, शेणगोठा, पाणी, मी सगळं सांगितलं. "आणि आता?" मी मान वर करून म्हणाले, "काही नाही. मी करूच देत नाही."

"मग द्या करू," ते म्हणाले.

माझे वडील साताऱ्याला मास्तर होते. सातवीपर्यंत शिकवलं त्यांनी मला, आणि 'असं का?' विचारायची खोड लावली ती कायमचीच. मी विचारलं, कामानं साखर उतरते कशी? डॉक्टर म्हणाले, राबणारं अंग रक्तातली साखर ओढून घेतं आणि जाळतं. बसल्या अंगाला ती लागतच नाही, म्हणून ती रक्तात हिंडत राहते. गाडीत बसल्यावरही मी माझ्या हाताकडे बघत होते. रोज दळणाऱ्या ह्या हातांत असं काही जळत असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि दुसरीकडे ह्यांना दिलेला शब्द आठवत होता.

डॉक्टरांनी एक काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली दिली होती. रक्तात मावेनाशी झालेली साखर लघवीत उतरते. निळ्या औषधात लघवीचे थेंब घालून नळी उकळत्या पाण्यात धरायची. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं आणि शेवटी विटकरी झालं, तर साखर चढत गेली असं समजायचं. स्वयंपाकघरात हे चालणं शक्यच नव्हतं. घरामागच्या परड्यात तीन दगड मांडून मी वेगळी चूल केली. पहिला रंग आला तो पक्क्या विटेचा.

दुसऱ्या दिवशी मी जात्यापाशी घोंगडी अंथरली. आत्याबाई येऊन बसल्या आणि खुंटा धरला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बसून बसून अंगाला मुंग्या आल्या हुत्या बघ." भाकरी-भाजी तीच ठेवून मी रंग बघत राहिले. हळूहळू वीट पिवळी झाली, पिवळ्यावर हिरवी झाक आली. नागपंचमीला आमच्याकडे दळत नाहीत, रानात जात नाहीत. त्या दिवशी त्यांना पुरणाच्या दिंडांचा तुकडासुद्धा मी दिला नव्हता, तरी संध्याकाळी रंग पुन्हा विटेकडे वळला. कामानंच साखर उतरते, अशी त्या एका दिवसानं माझी खात्री पटली. आनंदानं मी ती नळी हातात घेऊन परडंभर फिरले. कुणाला दाखवणार?

गावाला वेगळंच दिसत होतं. "नवरा लढाईवर, आन् ही सासूला जात्याला जुंपतीया." मी साखरेचं सांगून पाहिलं, तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकजण म्हणाली, येऊ दे त्याला, कानावर घालते. मला फार लागलं ते. पण मानेवरचं गळू भरून येत होतं, मग मी जातं थांबू दिलं नाही.

हे रजेवर आले ते सकाळीच. वेशीवरच कुणीतरी कानावर घातलं असावं. दारात उभे राहिले, जात्यावर बसलेल्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आत्याबाईंनी खुंटा सोडला नाही.

"तिच्याकडं काय बघतुयास? तू मला बसवून मारत हुतास. हिनं राबवून जगवली."

ह्यांनी ट्रंक खाली ठेवली. कॉलरचं बटण सोडलं. मग हलक्या आवाजात पाणी मागितलं. मी उठणार तोच आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि तांब्या आणायला आत गेल्या, आणि आम्ही दोघांनीही त्यांना जाऊ दिलं.