दुधी काचेचं पार्टिशन

काचवाल्या भाऊंना घर विकायचं होतं, पण त्याआधी हॉलमधलं पार्टिशन डोळ्यांसमोरून घालवायचं होतं. घर का विकायचं हे ते येईल त्याला सांगत: गुडघे गेले, जिने चढवत नाहीत, लेकीच्या घराजवळ तळमजल्यावर जागा पाहिली आहे. पार्टिशन का काढायचं, ते मात्र त्यांनी बायकोलाही, म्हणजे वहिनींनाही, सांगितलं नव्हतं.

भाऊंचा धंदा काचा बसवण्याचा. दुकानांच्या दर्शनी काचा, ऑफिसांतल्या केबिनी, पोरांनी चेंडूने फोडलेल्या खिडक्या, सगळं त्यांच्याकडे. गावभर उजेड वाटत फिरणारा हा माणूस स्वतःच्या घरी मात्र पक्का आळशी. बेडरूमच्या खिडकीची एक काच तडकली, तर तिला त्यांनी 'बघू' म्हणून जी पट्टी लावली ती पिवळी पडून गळून गेली, तरी भाऊंचं बघणं चालूच होतं. पार्टिशन तेवढं त्यांनी एका दमात केलं, आणि तेही झकास.

ते केलं आईसाठी. धाकट्या भावाने हात वर केले आणि आई भाऊंकडे आली. घर एवढंसं. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर. मग हॉलची मागची बाजू पार्टिशन घालून वेगळी केली. खाली प्लाय, वर दुधी काच. कुठल्याशा ऑफिसच्या कामातून उरलेली, त्यामुळे खर्चही बेताचा. आत आईचा पलंग काचेला लागून बसला, उशाशी एक स्टूल मावलं, आणि खोली तयार झाली. खिडकी तेवढी हॉलकडे राहिली. पण दुधी काचेतून उजेड येतो की, असं भाऊ सगळ्यांना सांगत. बघायला आलेले लोक म्हणत, वा, आईला उजेडही आणि आडोसाही. भाऊ फुशारून जात.

आडोसा आईला नको होता, तो भाऊंना हवा होता. आईला ठसका लागायचा, जेवताना तोंडातून सांडायचं, कोणी आलं की ती मधेच येऊन बसायची आणि पाहुण्याला त्याच्या मेलेल्या माणसांची खुशाली विचारायची. भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पार्टिशन होत असताना आईने एकदाच विचारलं होतं, एखादी काच साधी ठेवशील का रे, कोण आलं गेलं दिसेल. भाऊ हसून म्हणाले होते, "आई, तुला काय दुकानात मांडून ठेवायचीय?" ती पण हसली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

एक गोष्ट तेवढी भाऊंच्या पथ्यावर पडली होती. आई शेवटी शेवटी फार शांत झाली. सुरुवातीला दार वाजलं की आतून हाक यायची, "कोण आलंय रे?" मग ते हळूहळू बंद झालं. भाऊ आणि वहिनी एकमेकांना म्हणत, रुळली एकदाची. वर्षभरापूर्वी ती गेली तीही तशीच, कोणाला हाक न मारता.

आता एजंट म्हणत होता पार्टिशन काढा, हॉल मोकळा दिसला की गिऱ्हाईक दारातच विरघळतं. वहिनी म्हणत होत्या काढायचं नाही, असलेली खोली मोडून घर लहान कोण करतं. दोघांची जुंपली की भाऊ एजंटाची बाजू घेत, आणि वहिनींना नवल वाटे, कारण एरवी एजंट ही जात भाऊंच्या डोक्यात जायची.

हा तिढा सुटायच्या आतच एजंटाने पहिलं गिऱ्हाईक आणलं. तरुण नवराबायको, दोघं नोकरी करणारी, बोलायला गोड. सगळं घर बघून झाल्यावर नवऱ्याने पार्टिशनच्या दारातून आत डोकावलं. पलंगावर खोकी रचलेली होती. इथे कोण राहायचं, असं त्याने सहज विचारलं.

"कोणी नाही. स्टोअर आहे," भाऊ म्हणाले.

वहिनी पाण्याचे ग्लास घेऊन येत होत्या, त्या जागच्या जागी थबकल्या. पाहुणे गेल्यावर त्या ग्लास विसळायला निघून गेल्या, आणि भाऊंना तेच जास्त लागलं. त्या रागावल्या असत्या तर काही उत्तर देता आलं असतं. आपण आईला दुसऱ्यांदा झाकलं, एवढं त्यांना कळलं, आणि दिवसभर ते बायकोच्या नजरेला नजर देईनात.

दुसऱ्या दिवशी वहिनी लेकीकडे गेल्या आणि भाऊंनी स्क्रूड्रायव्हर काढला. आधी खोकी बाहेर घेतली. मग काच कशी सोडवायची ते बघायला पलंगावर चढले, आणि हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं.

दुधी काचेला एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. भाऊंनी गुळगुळीत बाजू हॉलकडे ठेवली होती, पुसायला सोपी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला छान. खरखरीत आईच्या वाट्याला. त्या खरखरीत बाजूवर, उशाच्या थोडं वर, पारदर्शक चिकटपट्टीचा एक तुकडा नीट दाबून लावलेला होता.

हॉलमधून त्या पट्टीची रेघ भाऊंनी पूर्वीच पाहिलेली होती. काचेला तडा गेला असं समजून त्यांनी आईला दटावलंही होतं, काचेला टेकू नकोस म्हणून. नाही टेकत, असं ती आतून म्हणाली होती. तडा आत जाऊन बघावा, एवढं मात्र या काचवाल्याला सुचलं नव्हतं. 'बघू' म्हटलं होतं.

आणि ही युक्ती त्यांचीच. एका ऑफिसात साहेबाने हौसेने दुधी काचेची केबिन करून घेतली होती, आणि कारकुनांनी तिच्या खरखरीत बाजूला चिकटपट्टी चिकटवून साहेबाच्या डुलक्या बघायला सुरुवात केली होती. पट्टी लावली की तेवढी काच साध्या काचेसारखी होते. हा किस्सा भाऊंनी जेवताना रंगवून सांगितला होता. सगळ्यांत जास्त आई हसली होती.

भाऊ तिच्या जागी बसले, पाठ भिंतीला लावली, मान काचेकडे वळवली आणि डोळे पट्टीशी नेले. समोर हॉलचं दार दिसलं. दाराजवळ भाऊंची खुर्ची. खुर्चीची बैठक, पाठ, हात, सगळं स्वच्छ.

आतून हाक आली की ते काय करायचे, ते त्यांना आठवलं. पाहुण्याकडे बघून, वहिनींकडे बघून, ते ओठांवर बोट ठेवायचे. गप्प राहा, आपोआप थांबेल. वर पाहुण्याकडे बघून थोडं हसायचे. दुधी काचेमागून काय दिसणार, म्हणून अगदी निर्धास्तपणे.

तिने सगळं पाहिलं होतं. ती रुळली नव्हती. तिने हाका मारणं सोडून दिलं होतं.

भाऊंना इतकी लाज वाटली की रिकाम्या घरातही त्यांनी तोंड हातांनी झाकलं. स्क्रूड्रायव्हर पलंगावरच राहिला. पार्टिशन मोडलं तर आपलं केलेलं पुसून टाकल्यासारखं होणार, ठेवलं तर तेच विकून वर पैसे घेतल्यासारखं. त्यांना काही ठरवता येईना. वहिनी आल्या तेव्हा ते नुसतेच खुर्चीवर बसलेले होते, आणि खोकी का काढली म्हणून त्यांनी विचारलं तर भाऊंनी धुळीचं नाव सांगितलं.

आठवड्याच्या आतच ते जोडपं परत आलं, या वेळी नवऱ्याच्या आईला घेऊन. घर पसंत होतं. पार्टिशन अजिबात काढू नका, असं नवरा म्हणाला. आता आई त्यांच्याकडेच राहणार होती, तिची सोय आयती झाली होती. एजंटाने लगेच आपलं मत फिरवलं आणि पार्टिशनचे गुण गायला लागला. वहिनींचा चेहरा खुलला. म्हातारी आत जाऊन पलंगावर बसली, दार लोटलं गेलं, आणि बाहेर व्यवहाराचं बोलणं सुरू झालं. नवरा बसला होता भाऊंच्याच खुर्चीवर.

तेवढ्यात आतून आवाज आला. "अरे, इथे खिडकी कुठे आहे?"

बाहेर व्यवहाराचं बोलणं चालूच राहिलं. पुन्हा तोच प्रश्न आला. तेव्हा त्या गोड बोलणाऱ्या मुलाने भाऊंकडे बघून कसनुसं हसत ओठांवर बोट ठेवलं.

"बोट काढा," भाऊ म्हणाले. "त्यांना दिसतंय."

त्याला वाटलं, भाऊ थट्टा करताहेत. भाऊंनी त्याला काचेवरची रेघ दाखवली. "मागे मी स्टोअर म्हणालो ते खोटं. माझी आई होती इथे. खिडकी नाहीये आत, मी ठेवली नाही. पार्टिशन मी काढणार आहे. त्यानंतर घर घ्या, नाहीतर नका घेऊ."

मुलगा लालबुंद झाला. उठून आत गेला, आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन आला. कळवतो म्हणून तिघंही गेले. एजंट हात जोडत त्यांच्यामागे जिना उतरला.

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या रागावल्या होत्या, आणि थोड्या घाबरल्याही होत्या. "अहो, दिसतंय म्हणजे काय? कोणाला दिसायचं?"

भाऊंनी त्यांना आईच्या जागी जाऊन बसायला सांगितलं. पाठ भिंतीला, डोळे पट्टीशी. त्या गेल्या, पलंग करकरला. भाऊ आपल्या खुर्चीवर बसले आणि काचेकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. या वेळी त्यांना हसता आलं नाही.

आत पलंग पुन्हा करकरला. मग वहिनी म्हणाल्या, "तो स्क्रूड्रायव्हर इथेच पडलाय. या."