पंचवीस डिग्रीचे साहेब

आमच्या साहेबांना घाम आलेला मी कधी पाहिला नाही. मे महिन्यात डहाणूत कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, पण साहेबांचा शर्ट सकाळी जसा कडक, तसाच संध्याकाळी. स्टेशनजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसातल्या एसीचा रिमोट त्यांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद असे. आकडा एकच, पंचवीस. आम्ही वापरतो त्या चिपच्या माहितीपत्रकात विजेच्या वापराचे आकडे पंचवीस डिग्रीला मोजलेले असतात, म्हणून साहेबांच्या मते जगानेही तेवढंच तापावं. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना ‘पंचवीस डिग्री’च म्हणायचो.

आमचं काम पाण्याच्या टाक्यांचं. टाकीच्या डोक्यावर एक डबा बसवायचा, त्यात सेल आणि बिनतारी चिप. चिप दर पंधरा मिनिटांनी जागी होते, टाकीत पाणी किती आहे ते नदीकाठच्या पंपाला कळवते आणि परत झोपते. झोपेत ती जवळजवळ काहीच वीज खात नाही, त्यामुळे सेल तीन वर्षं जातात. असं कागदावर होतं. “कागदावर आहे तेच खरं, बाकी सगळ्या तक्रारी,” असं साहेब दिवसातून दोनदा तरी म्हणत.

खोटं कशाला बोलू, साहेबांचा हात मात्र सोन्यासारखा होता. मी रानशेतहून आलेला आयटीआयवाला. माझं मनगट धरून त्यांनी मला सोल्डरिंग शिकवलं. “आधी श्वास सोड, मग टेकव.” आजही टेकवण्याआधी माझा श्वास आपोआप सुटतो, आणि हा माणूस आठवून दिवस खराब होतो.

वेवजीच्या रस्त्याने आत गेलं की एक पाडा लागतो. तिथल्या टाकीची देखरेख जानकीबाई करायच्या, आमच्या कंपनीच्या मानधनावर. पाडव्याला घातलेले सेल तिथे मे संपायच्या आत मान टाकायचे. मग पंप सुरू होत नसे, टाकी कोरडी पडे आणि बायका हंडे घेऊन नदीच्या डोहाकडे चालू लागत. सलग दोन उन्हाळे हेच झालं, तेव्हा कुठे साहेब जातीने पाहणीला निघाले.

जातीने म्हणजे गाडीतून. एसी चालू, काच बंद. भर दुपारी टाकीवर मी चढलो. डब्यावर आम्हीच ठोकलेला काळा पत्रा इतका तापला होता की बोटं भाजली. झोपलेली चिप किती वीज ओढते ते मोजलं. दोन मायक्रोअँप हवे होते, मीटर चाळीस दाखवत होता. तापलं की चिपच्या आतल्या बंद वाटांमधूनही वीज झिरपत राहते, वायसर गेलेल्या नळासारखी. मी धावत खाली आलो आणि आकडा सांगितला.

“डबा आण इकडे,” साहेब म्हणाले. मांडीवर घेतला, फोनवर कुणाशी तरी निवांत बोलले आणि मग तिथेच, त्या गारव्यात, मोजलं. आकडा आला दोन.

“बघ. चिप निर्दोष आहे. तुझ्या मीटरच्या वायरी बदल.”

“मग सेल जातात कुठे, सर?”

“अरे, घरात टॉर्च असेल, टीव्हीचा रिमोट असेल,” असं म्हणत त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या जानकीबाईंकडे पाहिलं. काच बोटभर खाली होती. त्यांना ऐकू गेलं.

“साहेब, त्या पत्र्याखाली कुत्रा पन बसत नाय,” त्या म्हणाल्या. “तिथं तुमच्या डब्याला झोप कशी लागंल?”

काच वर गेली. जे समजायला मला मीटर लागला, ते या बाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं, आणि ते ऐकायला साहेबांना काचेची फट जड झाली.

अहवालात लिहिलं गेलं की सेल देखरेख करणाऱ्या बाईंनी काढून घेतले. आकड्याच्या रकान्यात साहेबांनी सांगितला तो दोन मी लिहिला आणि खाली सही केली. जानकीबाईंचं काम गेलं. साहेबांची कीव करायला मला वेळ लागत नाही. स्वतःची लाज वाटायला बराच लागला.

पुढे साहेब बढतीवर मुख्य कार्यालयात गेले. निरोपाला मीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन तो डबा टाकीच्या उत्तरेला, सावलीत खाली घेतला. त्याला आता दोन उन्हाळे झाले, सेल तेच आहेत.

हे सांगायला मी परवा आशागडला गेलो. जानकीबाई तिथल्या एका वाडीत मजुरीवर चिकू निवडत होत्या. माझं बोलणं होईपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत.

“बरा झाला. बायांची पायपीट वाचली,” त्या म्हणाल्या. “आन भाऊ, मी सेल चोरले असा लिवलाय, ता खोडला का?”

नाही, म्हणालो. तो अहवाल फक्त साहेबच बदलू शकतात. त्याच संध्याकाळी मी त्यांना सगळं लिहून पाठवलं, चाळीसच्या आकड्यासकट आणि माझ्या खोट्या सहीसकट. सकाळी एका ओळीचं उत्तर आलं: “रीडिंग पंचवीस डिग्रीला घेऊन परत पाठव.”

मी पाठवणार नाही. त्यांच्या वरच्यांना लिहायला घेतलं आहे. ते वाचतील तेव्हा वाचतील, तोवर इथे लिहून ठेवतो. सेल जानकीबाईंनी चोरले नाहीत. ते उन्हाने खाल्ले.